खूप वर्षांनी परत गाडी चालवायला घेताना

मी नऊ वर्षं स्टीअरिंगला हात लावला नव्हता. ॲक्सिडेंट वगैरे काही झाला नव्हता, कारण अगदीच साधं होतं, घरात एकच गाडी, चालवायला नवरा होताच, मग मुलगी झाली आणि मी तिच्याबरोबर मागच्या सीटवर बसायला लागले ती बसलेच. लायसन्स पर्समध्ये होतं, कुणी विचारलं तर "हो येते ना मला गाडी" असंही सांगायचे, आणि मग एक दिवस खरंच चालवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की मला त्या सीटवर बसायचीच धास्ती वाटतेय.

तर परत सुरुवात केली. मजा म्हणजे ज्याची भीती होती ते सगळं दहा-पंधरा मिनिटांत आलं. क्लच, गिअर, हाफ क्लचवर गाडी धरणं, वळण घेणं, हातापायांना सगळं आठवत होतं. मी अगदी खूश. आणि तेवढ्यात नवऱ्याने शेजारून जोरात "अगं सायकल!" केलं आणि त्याचा पाय त्याच्या बाजूच्या पायपुसण्यावर आपटला, जिथे ब्रेक नसतो. बाजूच्या गल्लीतून सायकलवाला येत होता, त्याला तो केव्हाचा दिसत होता, मला दिसलाच नव्हता. म्हणजे माझी नजर त्या दिशेने गेलीच नव्हती, मी बोनेटच्या पुढच्या दहा फुटांत अडकले होते.

म्हणून हे सगळं लिहितेय. गाडी चालवणं हातपाय विसरत नाहीत, नजर विसरते. लोक प्रॅक्टिस करतात ती रिव्हर्सची आणि चढावर गाडी उचलायची, ती करा, पण खरी गंजलेली गोष्ट वेगळीच असते, कुठे बघायचं, कधी बघायचं, समोरचा किती लांब आहे आणि किती वेगाने येतोय याचा अंदाज. ते परत यायला मला दीड-दोन महिने लागले.

आधी स्वतःला तपासा, मग गाडीला

लायसन्सची तारीख बघा. हसू नका, मध्ये इतकी वर्षं गेली की हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. गाडीचा इन्शुरन्स चालू आहे का आणि तुम्ही चालवली तर तो लागू होतो का हेही बघून घ्या, काही पॉलिसींमध्ये कोण चालवणार ते लिहिलेलं असतं.

डोळे तपासून घ्या, आणि फक्त नंबर नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर रात्री समोरच्या हेडलाइटने डोळे दिपले की सावरायला जास्त वेळ लागतो, मोतीबिंदू सुरू झाला असेल तर दिव्याभोवती वलयं दिसतात, आणि हे दिवसा घरात कळत नाही. मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का तेही बघा. आरशात न दिसणारी जागा खांद्यावरून वळून बघावी लागते, आणि मान आखडली असेल तर माणूस नकळत ते बघणं टाळतो.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा की ही घेऊन गाडी चालवू का. सर्दीच्या, ॲलर्जीच्या साध्या गोळ्यांनीसुद्धा झोप येते, झोपेच्या गोळीचा अंमल काहींना सकाळपर्यंत राहतो. ऑपरेशन, फ्रॅक्चर, फिट, हार्टचा त्रास, यातलं काही गॅपचं कारण असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. आणि हो म्हणाले तरी बंद उभ्या गाडीत बसून ब्रेक एकदम जोरात, पूर्ण ताकदीने दाबून बघा, दोन-चार वेळा. गुडघ्यात किंवा पोटात कळ आली तर अजून वेळ आहे. घाईत ब्रेक मारताना कळ आली की पाय आपोआप ढिला पडतो, तुमचं काही चालत नाही.

गाडीही पडून होती का?

तुम्ही चालवत नव्हता पण घरातलं दुसरं कुणी चालवत होतं तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. पण गाडी पण चार-सहा महिने नुसती उभी असेल तर आधी हे वाचा, कारण नवखा झालेला ड्रायव्हर आणि पडून राहिलेली गाडी हे कॉम्बिनेशन वाईट आहे.

बॅटरी बहुतेक बसलेली असणार. चावी फिरवली आणि नुसता टकटक आवाज आला किंवा दिवे मंद झाले तर तेच. मीटर असेल तर बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करणार असाल तर आधी दोन्ही गाड्यांची मॅन्युअल बघा, काही गाड्यांना वेगळे पॉइंट दिलेले असतात. नेहमीचा क्रम असा: लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक मायनसला न लावता लांब लावायचं कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तिथे ठिणगी नको. सुरू झाली की पाच मिनिटं फिरवून परत उभी करू नका, तेवढ्यात ती चार्ज होत नाही, चार्जरवर लावा किंवा चांगली लांब फिरवा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.

टायर दिसायला मस्त असतात आणि तिथेच फसगत होते. नक्षी पूर्ण आहे, म्हणजे नवेच की, असं वाटतं, पण रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. टायरच्या कडेला डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा लांब कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. पाच-सहा वर्षं झाली असतील तर टायरवाल्याला नीट तपासायला लावा, दहा झाली असतील तर नक्षीकडे न बघता बदला. कडेला बारीक भेगा, कुठे फुगवटा, दिसला की विषय संपला. नक्षीची खोली बऱ्याच देशांत कायद्याने कमीत कमी १.६ मिमी लागते, पण पावसात चालवणार असाल तर तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. हवा टायर थंड असताना भरायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, टायरवर लिहिलेला आकडा हा जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा असतो, तो भरायचा नाही. स्टेपनीची हवा पण बघा, ती नेहमी गेलेली असते.

ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज दिसेल, वरवरचा असेल तर पाच-सहा ब्रेकमध्ये निघून जातो, थोडी खरखर ऐकू येते, घाबरू नका. खड्डे पडलेला खोल गंज असेल तर मेकॅनिकला दाखवा. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल तर मागची चाकं चिकटलेली असू शकतात, हलकेच पुढेमागे करून सुटतात, नाही सुटली तर जोर लावून इंजिनने ओढत नेऊ नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि मग लवकर उकळतं, म्हणजे लांब उतारावर गरम झालं की पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलतात, गाडी चालो न चालो.

बोनेट उघडून उंदीर बघा. खरंच. कापसाचे गोळे, लेंड्या, कुरतडलेल्या वायरी, एअर फिल्टरच्या डब्यात घर. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत असेल तर सुरू करायच्या आधी मेकॅनिकला विचारा. कूलंट, इंजिन ऑइल, काच धुवायचं पाणी बघा. वायपरचं रबर कडक झालेलं असतं, ते पहिल्या पावसातच कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. आणि गाडी उभी होती त्या जागी जमिनीवर काही सांडलंय का ते गाडी हलवल्यावर वाकून बघा.

उभ्या गाडीत अर्धा तास

हा अर्धा तास मी पहिल्यांदा काढला नाही आणि मग भर सिग्नलला वायपर सुरू करून बसले कारण मला इंडिकेटर द्यायचा होता. काही गाड्यांत ते दांडे उलट बाजूंना असतात.

सीट आधी. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडासा वाकलेला राहिला पाहिजे, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक पूर्ण दाबून बघा. पाठ टेकलेली असताना हात सरळ पुढे केला तर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टीअरिंगचा मधला भाग यात कमीत कमी २५ सेंमी अंतर ठेवा, एअरबॅग फार जोरात उघडते, तिला जागा लागते. भीती वाटली की माणूस पुढे सरकून स्टीअरिंगला चिकटून बसतो, नवीन आणि परत सुरू करणारे दोघंही, आणि नेमकं तेच नको. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकाएवढा आणि डोक्याच्या जवळ, मानेमागे नाही. हात आम्हाला दहा वाजून दहा मिनिटांच्या जागी शिकवले होते, आता पावणेतीनच्या काट्यांसारखे, म्हणजे नऊ आणि तीनवर ठेवायला सांगतात, एअरबॅग उघडली तर हात तोंडावर आदळू नयेत म्हणून.

आरसे सीट झाल्यावरच लावायचे. बाजूच्या आरशात आपल्या गाडीची अगदी बारीक पट्टी दिसू द्या, बाकी सगळा रस्ता. मग कुणाला तरी गाडीच्या मागून बाजूला हळूहळू चालत यायला सांगा आणि ते माणूस आरशातून कधी गायब होतं आणि खिडकीत कधी दिसायला लागतं ते बघा. मध्ये जी जागा सापडेल तिथे आख्खी मोटरसायकल मावते, एकदा डोळ्यांनी बघितलं की खांद्यावरून बघायला कुणी सांगावं लागत नाही.

गाडी नवीन असेल तर काही गोष्टी दचकवतात. सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होतं, मला वाटलं बंद पडली, मी घाईघाईने चावी शोधायला लागले तर चावी लावायची जागाच नाही, बटन होतं. हँडब्रेकच्या जागी पण बटन असतं. लेन सोडली की स्टीअरिंग हाताला ओढ देतं, ते बिघडलेलं नाही. हे सगळं उभ्या गाडीत मॅन्युअल मांडीवर घेऊन करून बघा. ऑटोमॅटिकवर आला असाल तर डावा पाय सरळ बाजूला ठेवून द्या, त्याला काही काम नाही, त्याने ब्रेक दाबायला गेलात तर क्लचच्या सवयीने एकदम खोल दाबला जातो आणि मागचा येऊन धडकतो.

पायाखाली पाण्याची बाटली, पर्स, खेळणं काही नको. बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबलाच जात नाही. चपला सुटणाऱ्या नकोत.

मोकळ्या जागेत

रिकामं मैदान, सुट्टीच्या दिवशीचं मोठं पार्किंग, जिथे परवानगी आहे तिथे. इथे एक-दोन दिवस पुरतात. ॲक्सिलरेटर न देता नुसत्या क्लचवर गाडी हलवून थांबवायची, पंधरा-वीस वेळा, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते पायाला कळतं, प्रत्येक गाडीत ते वेगळं असतं. ठरवलेल्या खुणेवर थांबायचं, मग उतरून जाऊन बघायचं की बंपर खुणेपासून किती लांब आहे. मला वाटायचं टेकलीच, आणि बघितलं तर चांगलं पाच फूट अंतर. रिव्हर्स कॅमेरा असला तरी आधी मान वळवून रिव्हर्स शिका, कॅमेऱ्यात बाजूने पळत येणारं मूल उशिरा दिसतं.

आणि एक गोष्ट करा जी बहुतेक लोक आयुष्यात एकदाही करत नाहीत, जोरात ब्रेक. मागे कुणी नाही, गाडीत सामान नाही, बेल्ट लावलेला, ताशी ३०-४० च्या वेगात ब्रेक पूर्ण आदळायचा आणि दाबूनच ठेवायचा. एबीएस असेल तर पेडल पायाखाली थरथरतं आणि करकर आवाज येतो, पहिल्यांदा वाटतं काहीतरी तुटलं, आणि घाबरून लोक पाय सोडतात. तो सोडायचा नाही. एबीएसचं कामच हे की चाक लॉक होऊ द्यायचं नाही, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. हे खऱ्या प्रसंगात पहिल्यांदा कळण्यापेक्षा मैदानात कळलेलं बरं.

आता नजर

ही प्रॅक्टिस गाडी न चालवता सुरू होते, आणि फुकट आहे. आठवडाभर दुसरं कुणी चालवत असताना शेजारी बसा आणि मनात तुम्ही चालवा. फोन खाली ठेवून. आता इथे पाय उचलला असता, आता आरसा बघितला असता, त्या उभ्या गाडीचं दार उघडेल का, बसच्या पुढून कुणी येईल का. ड्रायव्हरच्या आधी तुम्हाला किती गोष्टी दिसतात ते मोजा. मी पहिल्या दिवशी सगळ्यात मागे होते, धोका दिसेपर्यंत नवऱ्याने ब्रेक मारून झालेला असायचा.

मग स्वतः चालवताना बोलत चालवा, मोठ्याने. "पुढे सिग्नल हिरवा, बराच वेळ हिरवा आहे, लाल होईल, मागे कोण, मागे व्हॅन आहे जवळ, बाजूला आजोबा रस्त्याकडे बघतायत, येतील." येडं वाटतं पण याचा फायदा असा की जे बोलायचं ते आधी बघावं लागतं, आणि बोलणं बंद पडलं की समजायचं नजर परत बोनेटवर आली. मुलीने माझी नक्कल करून दाखवली सगळ्यांना, ते जाऊ दे.

लांब बघा. आपण बारा-पंधरा सेकंदांनी जिथे पोचणार तिथपर्यंत नजर गेली पाहिजे, मग जवळ, मग आरसा, मग परत लांब. नजर जिथे, गाडी तिकडे. खड्ड्याकडे टक लावून बघितलं की चाक खड्ड्यातच जातं, म्हणून बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघायचं.

पुढच्या काचेच्या कडेचे जे खांब असतात त्यांच्यामागे सायकल काय, माणूस काय, काही अंतरावर आख्खी गाडी लपते. आणि यात एक विचित्र गोष्ट आहे जी मला कुणी शिकवली नव्हती. बाजूच्या रस्त्याने येणारी गाडी तुमच्या खिडकीत जर पुढेमागे सरकताना दिसत नसेल, एकाच जागी चिकटून नुसती मोठी होत असेल, तर दोघं एकाच वेळी चौकात पोचणार आहात, म्हणजे टक्कर. आणि न सरकणारी गोष्ट आपल्या डोळ्यांना चटकन जाणवत नाही, त्यात ती खांबामागे असेल तर संपलंच. म्हणून चौकाच्या आधी सीटमध्ये जरा पुढेमागे डोकं हलवून खांबामागे बघून घ्यायचं. माझा तो सायकलवाला बहुतेक तिथेच होता.

अंदाजाचं म्हणाल तर मोटरसायकल लहान असते म्हणून ती आहे त्यापेक्षा लांब आणि हळू वाटते. गर्दीच्या रस्त्याला लागताना दोन गाड्यांमधली फट पुरेल का हे ठरवणं हे गॅपनंतर सगळ्यात कठीण जातं. याचीही चालता चालता प्रॅक्टिस होते, फुटपाथवर उभं राहायचं, येणारी गाडी बघून मनात म्हणायचं आता शिरले असते, आणि ती तुमच्यापर्यंत किती सेकंदांत येते ते मोजायचं. सुरुवातीला माझे अंदाज दोन्हीकडे चुकायचे.

थोडं गणित, कारण नुसतं "हळू चालवा" ऐकून काही होत नाही. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी २५ मीटर गाडी ब्रेकशिवायच जाते, आणि त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण २० मीटर. ताशी ३० ला हेच सगळं मिळून १७-१८ मीटरमध्ये होतं. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. आणि गॅपनंतर तो दीड सेकंद दोन होतो कारण पाय विचार करत नाही पण डोकं करतं. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर फुटांत मोजू नका, वेळेत मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा, त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. तीन सेकंद, पावसात चार-पाच. मध्ये कुणीतरी घुसेल, घुसू दे, परत अंतर सोडा.

शेजारी कोण बसणार

याच्यावरून घरात भांडणं होतात म्हणून लिहितेय. जो माणूस श्वास रोखून दरवाजाची मूठ पकडतो तो नको, जो फोनवर असतो तोही नको. आधीच ठरवून घ्या की त्याने दोनच गोष्टी बोलायच्या, खरा धोका असेल तर "थांब", आणि बाकी सगळं घरी गेल्यावर. आमचं हे तिसऱ्या दिवशी ठरलं, दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून चावी त्याच्या हातात दिली होती. खरं तर ड्रायव्हिंग स्कूलचे तीन-चार क्लास लावा, त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूला पण ब्रेक असतो आणि गॅपमध्ये बदललेले नियम, नवीन खुणा त्यांना माहीत असतात. मागे "शिकाऊ" असा बोर्ड लावायला चालत असेल तर लावा, लाज कसली. मुलं आणि गप्पा पहिले काही दिवस गाडीत नको.

कुठल्या रस्त्याने, कधी

आधी एकच ओळखीचा रस्ता, कमी गर्दीच्या वेळी, रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास चालवून मग आठवडाभर काही नाही यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी बरी. तो रस्ता कंटाळवाणा वाटायला लागला की त्याच रस्त्याने गर्दीच्या वेळी. मग नवीन रस्ता, मग पाऊस, मग रात्र, मग हायवे. एका वेळी एकच गोष्ट नवीन. पावसात रात्री अनोळखी रस्त्याने, हे पहिल्या महिन्यात टाळता येत असेल तर टाळा. नकाशा लावायचा तर निघायच्या आधी, आवाजावर. ताशी ८० च्या वेगात पाच सेकंद फोनकडे बघितलं की ११० मीटर डोळे मिटून गेलात.

पावसात साचलेल्या पाण्यावर गाडी एकदम हलकी वाटली, स्टीअरिंगला काही लागतच नाही असं झालं, तर टायर पाण्यावर तरंगतायत. ब्रेक आदळू नका, स्टीअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग उतरला की पकड येते. रात्री समोरच्याने अप्पर मारला तर दिव्याकडे न बघता आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेकडे बघा आणि वेग कमी करा, आणि निघायच्या आधी काच आतून पुसा, आतला चिकट थर दिवसा दिसत नाही, रात्री सगळं धुरकट करतो.

हायवेला लागताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाबरून जोडरस्त्याच्या टोकाला थांबणं. तो तुकडा वेग वाढवायलाच दिलेला असतो. तिथे वेग तिथल्या गाड्यांएवढा आणायचा, आरसा, खांदा, इंडिकेटर, आणि फटीत शिरायचं. हे आधी दोन वेळा शेजारी बसून बघा.

गाडी मध्येच बंद पडली आणि मागून हॉर्न सुरू झाले तर हॉर्नने कुणाला लागत नाही. ब्रेक दाबा, हॅझर्ड लावा, न्यूट्रल, श्वास सोडा, सुरू करा. हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली तर पुढे सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या आणि दहा मिनिटं बसा. पण तिथून चावी दुसऱ्याला देऊन परत येऊ नका (मी दिली होती, त्यानंतर चार दिवस बसलेच नाही), थोडंसं का होईना स्वतः चालवत घरी या, नाहीतर ती धास्ती त्या जागेला चिकटते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. वळण चुकलं तर चुकू दे. शेवटच्या क्षणी लेन कापून वळायला जाऊ नका, सरळ जा आणि पुढून फिरून या, मी एकदा असं करत करत पंधरा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लावला होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा गाडीत गाणी लावली.